काचेमागच्या टाक्या

नवी मुंबईतल्या एका मद्यगृहात शिरल्याबरोबर समोर मोठी काच दिसते. काचेमागे तांब्याचा झगझगीत हंडा, त्याच्या पलीकडे शंकूच्या आकाराच्या तळाच्या पोलादी टाक्या, आणि काचेवर तीन वाक्ये : 'इथेच बनते. ताजी मिळते. रसायने नाहीत.' हे मद्यगृह एका साखळीतले आहे आणि तिच्या दुसऱ्या शाखेतही हीच वाक्ये याच अक्षरांत आम्ही वाचली. साखळीचे नाव आम्ही देत नाही. आमची तक्रार मुख्यतः या तीन वाक्यांबद्दल आहे आणि ती वाक्ये आता अनेक ठिकाणी दिसतात. महाराष्ट्रात २००९ साली पुण्यात 'डूलाली'ने जागेवरच बिअर बनवून विकायला सुरुवात केली. पुढे ही पद्धत मुंबईत आणि खाडी ओलांडून नवी मुंबईतही आली.

शिक्षकांच्या मासिकात हा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. आपण वर्गात किण्वनाचे समीकरण फळ्यावर लिहितो. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम मद्यार्क आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. हिशेब चोख जुळतो आणि आपण पुढच्या धड्याकडे वळतो. पण चांगल्या आणि वाईट बिअरमध्ये मद्यार्क जवळजवळ सारखाच असू शकतो. फरक असतो तो समीकरणात न लिहिलेल्या, लिटरला मिलिग्रॅमने मोजाव्या लागणाऱ्या पदार्थांत. (आपल्या राज्यात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे. विद्यार्थी वाचकांना हा लेख समजण्यासाठी पेल्याची गरज नाही, ताक पुरेल.)

आम्ही मागवली होती गव्हाची बिअर. तिला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास यावा लागतो. तिच्यात केळे किंवा लवंग घालत नाहीत. केळ्याचा वास आयसोअमाइल अ‍ॅसिटेट या एस्टरचा आणि लवंगेचा ४-व्हिनाइल ग्वायकॉलचा, आणि दोन्ही यीस्टच्याच करामती. खाडीपलीकडच्या मुंबईतल्या शाखेत हे दोन्ही वास आम्हाला छान आले होते. नवी मुंबईतल्या पेल्याला मात्र वास येत होता लोण्याचा. कृती तीच, माल्टची पोती तीच, यीस्टची पाकिटे तीच. वाढपी नम्रपणे म्हणाला, "सर, इथलं पाणी वेगळं आहे ना!"

पाण्याचा हा मुद्दा अगदीच हसण्यावारी नेण्यासारखा नाही. इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या पाण्यात जिप्सम भरपूर, तर बोहेमियातल्या पिल्सेनचे पाणी अतिशय मृदू. या दोन गावांच्या बिअरी एकमेकींहून इतक्या वेगळ्या झाल्या, त्याला हे पाणीही कारण आहे. पण आपल्याकडे काय आहे? नवी मुंबई महापालिका खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणाचे पाणी देते, मुंबईला भातसा, तानसा, वैतरणेचे मिळते. सगळे पाणी सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचे, बेसॉल्टवरून वाहत आलेले. बर्टन आणि पिल्सेनइतका फरक त्यात कुठून येणार? शिवाय पाण्यातल्या क्षारांमुळे कडवटपणा बोथट किंवा धारदार होतो, लोण्याचा वास येत नाही.

तो वास डायअ‍ॅसिटिलचा. घरी विरजण लावून काढलेल्या लोण्याला जो सुवास असतो, त्यात याच पदार्थाचा मोठा वाटा आहे. लोण्यात तो हवाहवासा, बिअरमध्ये नकोसा, आणि लिटरमध्ये एक दशांश मिलिग्रॅमच्या आसपास असला तरी पुष्कळांच्या नाकाला कळतो. गंमत अशी की यीस्ट डायअ‍ॅसिटिल थेट बनवून सोडत नाही. वाढीच्या काळात ते अल्फा-अ‍ॅसिटोलॅक्टेट नावाचा बिनवासाचा पदार्थ पेशीबाहेर टाकते. त्याचे सावकाश डायअ‍ॅसिटिल होते. मग साखर संपत आली की तेच यीस्ट डायअ‍ॅसिटिल परत आत घेऊन त्याचे जवळजवळ बिनवासाच्या पदार्थांत रूपांतर करते. म्हणजे घाण करणारा आणि झाडलोट करणारा एकच. अट एवढीच, की त्याला झाडलोट करायला ऊब आणि दोन-तीन दिवस मिळायला हवेत. साखरेचा मद्यार्क झाला, काटा खाली आला, म्हणून टाकी लगेच थंड केली तर यीस्ट तळाशी बसते आणि काम अर्धवट राहते. अढीतून चार दिवस आधी काढलेला आंबा जसा दिसायला पिवळा पण आत आंबट निघतो, तशी ही बिअर. तिला 'ताजी' म्हणता येईल, पण तयार म्हणता येणार नाही.

लोण्याच्या वासाचे आणखी एक कारण असू शकते : टाकीपासून नळापर्यंतच्या नळ्या वेळेवर धुतल्या नाहीत तर त्यांत लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू बस्तान बसवतात, आणि त्यांच्यातलेही काही डायअ‍ॅसिटिल बनवतात. तेव्हा घाई की अस्वच्छता, हे आधी ठरवायला हवे होते. त्याच्याही आधी, फरक खरोखर आहे की आमच्या मनाचे खेळ आहेत, हे.

दोन्ही शाखांतून एकाच संध्याकाळी बंद बाटल्या आणून एकाच फ्रिजमध्ये ठेवल्या. दुसऱ्या दिवशी आम्हा चौघांपुढे प्रत्येकी तीन सारखे पेले ठेवले गेले. दोन एका शाखेचे, एक दुसऱ्या शाखेचा. वेगळा पेला कोणता, ते सांगायचे. कोणता पेला कुठला, हे ओतणाऱ्यालाच ठाऊक. तिघांनी बरोबर ओळखला. चौथ्याने आपल्याला सर्दी असल्याचे सांगितले, पण निकाल लागल्यावर, म्हणून ते धरले नाही. आता नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता दर वेळी एक तृतीयांश. चारांपैकी तीन किंवा अधिक जण केवळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता निघते एक नवमांश. अकरावीच्या मुलांना हे गणित जरूर घालावे. नऊ वेळा केले तर सरासरी एकदा नशीबच असे फळेल. एवढ्यावर कोणाला दोषी ठरवणे बरे नव्हे. थोड्या नमुन्यांवरून किती बोलावे, हा प्रश्न बिअरच्या धंद्यातूनच संख्याशास्त्रात आला आहे. १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने त्यावर निबंध लिहिणारे विल्यम गॉसेट हे डब्लिनच्या गिनेस कारखान्यात नोकरीला होते. वर्गात हाच तीन पेल्यांचा प्रयोग दोन घरच्या ताकांवर करता येतो, आणि मुले 'आमच्याच आईचे ताक' म्हणून किती ठामपणे चुकतात ते पाहण्यासारखे असते.

आम्ही दुसरी, सोपी चाचणी केली. त्याच बिअरचे दोन भाग झाकणाच्या बाटल्यांत घेतले. एक बाटली ६० ते ६५ अंश सेल्सियसच्या पाण्यात अर्धा तास ठेवली, मग दोन्ही सारख्या थंड करून वास घेतला. उष्णतेने शिल्लक अल्फा-अ‍ॅसिटोलॅक्टेटचे झटपट डायअ‍ॅसिटिल होते. मुंबईच्या बिअरच्या दोन्ही बाटल्यांत आम्हाला फरक जाणवला नाही. नवी मुंबईची तापवलेली बाटली उघडली तर नुकतेच लोणी काढलेल्या पातेल्यासारखा वास. आंबटपणा कुठे नव्हता. म्हणजे नळ्यांवरचा संशय कमी झाला आणि घाईवरचा वाढला.

काचेवरच्या वाक्यांकडे परत येऊ. 'रसायने नाहीत' हे वाक्य रसायनशास्त्र शिकवणाऱ्याला तर टोचेलच, पण ते धंद्याच्याही हिताचे नाही. टाक्या कॉस्टिक सोड्याने आणि नंतर पेरअ‍ॅसेटिक आम्लाने धुतात, आणि तशा धुतल्याच पाहिजेत. याची तर जाहिरात करावी! टेबलावरच्या पत्रकात 'न गाळलेली, म्हणून ब जीवनसत्त्वयुक्त' असेही होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्ययुक्त पेये १९८८ सालीच माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली आहेत. जीवनसत्त्वासाठी मटकीची उसळ बरी.

'इथेच बनते' हे वाक्य खरे आहे, पण त्यातून गुणवत्तेबद्दल काहीच कळत नाही. शुद्ध यीस्ट वेगळे करून वाढवण्याची रीत १८८३ साली एमिल हॅन्सेन यांनी आणली आणि पीएचची मोजपट्टी १९०९ साली सोरेन्सेन यांनी दिली. दोघेही कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतले. मोठ्या कारखान्याजवळ डायअ‍ॅसिटिल मोजायची यंत्रे असतात. छोट्या जागी असते ती बनवणाऱ्याचे नाक आणि भिंतीवरचे कॅलेंडर. एकट्यादुकट्या मालकाला यंत्र परवडत नाही, हे आम्ही समजू शकतो. साखळीला मात्र सर्व शाखांसाठी मिळून एक प्रयोगशाळा सहज चालवता आली असती. आमच्या पाहण्यातल्या साखळीने सर्व शाखांसाठी मिळून काचेवरची अक्षरे तेवढी करून घेतली.

काचेमागे काम करणारा तरुण सूक्ष्मजीवशास्त्राचा पदवीधर निघाला. गरम पाण्याची चाचणी त्याला ठाऊक होती आणि तो ती करतही असे. आमच्या बिअरची टाकी पाचव्या दिवशी थंड केली होती, हे त्याने वही न पाहता सांगितले. शनिवारच्या गर्दीला टाकी रिकामी लागते, आणि थंड कधी करायची ते वरून कळते. काचेवर यीस्ट घातल्याची आणि टाकी उघडल्याची अशा दोन तारखा खडूने लिहिता येतील का, असे आम्ही विचारले. त्याची स्वतःची हरकत नव्हती. पण काचेवरचा मजकूर मुख्य कार्यालयातून छापून येतो, असे तो म्हणाला.