झाडाला दुखले का, असे विचारणारे पुस्तक



गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि माझे उभ्याने कीर्तन थांबले. आता संध्याकाळी हरिपाठ झाला की नातवाला पुस्तक वाचून दाखवतो, तेवढीच सेवा उरली आहे. भेटायला येणाऱ्या माउली विचारतात, ‘बुवा, पोरांना झाडा-पाखरांविषयी आदर वाटावा असे कोणते पुस्तक घ्यावे?’ दुकानात तर अशा पुस्तकांची रास असते. मुखपृष्ठावर हिरवे झाड दिसले म्हणून लगेच पैसे मोजू नका. आधी एक कसोटी लावा.

ती कसोटी आपल्याच घरची आहे. नामदेवरायांच्या बालपणाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. आईने झाडाची साल आणायला धाडले. पोर साल घेऊन आले, पण धोतर रक्ताने भिजलेले. झाडाला कसे वाटले असेल ते कळावे म्हणून त्याने कुऱ्हाड स्वतःच्या पायावर चालवून पाहिली होती. लहानग्यांना ही गोष्ट जवळ घेऊन, समजावूनच सांगावी. नक्कल करायची ती नाही. पण तिचे मर्म पाहा. झाड आपल्याला काय काय देते, याची यादी तिच्यात नाही. त्या पोराला एवढेच कळून घ्यायचे होते, की झाडाला दुखले का?

आता ही कसोटी बाजारातल्या पुस्तकांना लावा. पुष्कळ पुस्तके ‘झाड आपला मित्र’ म्हणून सुरू होतात आणि दुसऱ्याच पानावर फळे, लाकूड, औषध, सावली असा हिशेब मांडतात. ही मैत्री नव्हे, उधारीचे खाते झाले. ज्या झाडाला फळ नाही, ज्या किड्याचा उपयोग ठाऊक नाही, त्याचे काय करायचे? तिथे असे पुस्तक गप्प बसते.

सूनबाईंनी एक नावाजलेले इंग्रजी पुस्तक आणले होते: शेल सिल्व्हरस्टीन यांचे ‘द गिव्हिंग ट्री’, १९६४ सालचे. त्या अर्थ सांगत गेल्या, मी ऐकत गेलो. सफरचंदाचे झाड आणि एक मुलगा यांची ही गोष्ट. मुलगा लहानपणी झाडावर खेळतो. मोठा झाल्यावर फळे विकायला नेतो, फांद्या घरासाठी तोडतो, खोड नावेसाठी कापतो, आणि म्हातारपणी उरलेल्या बुंध्यावर येऊन बसतो. चित्रे मोजक्या रेघांची, शब्द थोडे, डोळ्यांत पाणी आणणारे. झाडात मला आईच दिसली. पण शेजारी बसलेला नातू म्हणाला, ‘आजोबा, मीपण नाव करणार!’ तेव्हा ध्यानात आले, की मोठा माणूस ही गोष्ट झाडाच्या जागी बसून ऐकतो आणि मूल मुलाच्या जागी बसून. त्या मुलाने जन्मभरात एकदाही झाडाची विचारपूस केली नाही. म्हणून पुस्तक वाईट ठरत नाही. मात्र ते मुलाच्या हाती देऊन आपण उठून जाऊ नये. शेजारी बसावे आणि मिटल्यावर विचारावे, ‘झाडाला काय वाटले असेल रे?’

माझ्या कसोटीला पुरी उतरली ती फ्रेंच लेखक जाँ जिओनो यांची झाडे लावणाऱ्या माणसाची गोष्ट. ती १९५३ साली लिहिलेली आहे आणि मराठीतही आली आहे. फ्रान्समधल्या उजाड डोंगराळ मुलखात एक मेंढपाळ राहतो. मुलगा गेला, बायको गेली. रोज रात्री तो ओक वृक्षाच्या बिया टेबलावर ओततो, आपल्या आयाबाया डाळ निवडतात तशा निवडतो, तडकलेल्या बाजूला सारतो. शंभर चांगल्या भरल्या की झोपतो. मला तर ती जपमाळच वाटली. तीन वर्षांत लाख बिया लावल्या, वीस हजार रुजल्या, त्यांतल्याही निम्म्या जातील असे तो शांतपणे सांगतो. जमीन कुणाची, हे त्याला ठाऊक नाही. पुढे वनखात्याचा माणूस येऊन त्यालाच बजावतो, की या आपोआप उगवलेल्या रानात विस्तव पेटवू नकोस!  ‘मी केले’ हा शब्दच त्याच्यापाशी नाही. निष्काम कर्मावर मी कितीतरी निरूपणे केली, पण इतका सोपा दृष्टांत मला सापडला नव्हता.

दोन गोष्टी सांगून ठेवतो. हा मेंढपाळ काल्पनिक आहे. जिओनो यांनी १९५७ साली पत्रातून तसे कबूल केले. लोकांना झाडे आवडावीत म्हणून तो रचला. पोर विचारील, ‘खरे घडले का?’ तेव्हा खोटे बोलू नका. आणि मधे महायुद्धे येतात, वर्णनेही लांब आहेत. आठ-नऊ वर्षांखालच्या मुलांना ती वाचून न दाखवता तोंडी सांगावी.

पुस्तकाने काय होते, असे म्हणाल. गेल्या आषाढीला नातवाला घेऊन दोन मुक्काम दिंडीबरोबर होतो. कर्णा टांगायला पोरे वडाच्या खोडाला खिळा ठोकत होती. मी काही बोललो नाही. चाळीस वर्षे मीच ठोकून घेत आलो होतो. नातू म्हणाला, ‘आजोबा, वडाला लागले असेल ना?’ झाडावेलींना सोयरे म्हणणाऱ्या तुकोबांचा अभंग मी शेकडो वेळा गायलो. सोयऱ्याच्या अंगात कुणी खिळा ठोकतो का? मला उत्तर देता येईना. खिळा काढला आणि कर्णा बांबूला सुतळीने बांधला. वडाच्या खोडावर जुने खिळे होतेच. त्यांतले काही आमच्याच दिंडीचे असतील.

तेव्हा माउली, पुस्तक घेताना शेवटचे तात्पर्य वाचू नका. ते ऐकून पोर कोणता प्रश्न विचारील, तेवढे पाहा. आणि तो प्रश्न तुम्हालाच विचारला गेला, तर रागावू नका.

रामकृष्ण हरी.