हुशार इमारती आणि सरासरी माणूस

आम्स्टरडॅममधली ‘द एज’ २०१५च्या सुमारास जगातली सर्वांत हुशार कार्यालयीन इमारत म्हणून गाजली. सुमारे २८,००० सेन्सर. अडीच हजार कर्मचाऱ्यांत हजारेक टेबलं. फोनवरचं अ‍ॅप रोज जागा शोधून देणार, तुम्हाला किती उजेड नि किती गारवा लागतो हेही लक्षात ठेवणार. वीज वाचवण्यात ती खरोखर अव्वल आहे. पण रोज नवं टेबल ही सोय कोणाची? पावलं मोजून वाट ओळखणाऱ्या दृष्टिहीन कर्मचाऱ्याला रोज नवी वाट पाठ करावी लागते. स्वमग्न माणसाला ओळखीचा कोपराच हवा असतो. पाठीच्या दुखण्यासाठी खास बसवून घेतलेली खुर्ची तर अ‍ॅपबरोबर फिरत नाही. टेबलं अशी वाटून वापरण्याचं हे ‘हॉट डेस्किंग’ आता पुण्याच्या हिंजवडी-खराडीतही नवलाचं राहिलेलं नाही; त्यामागे वाचलेल्या चौरस फुटांचा हिशेब असतो, कामाच्या सोयीचा क्वचितच.

खरी गफलत त्याही आधीची आहे. कार्यालयात किती गारवा हवा, हे ठरवणारी सूत्रं १९७०च्या आसपास रूढ झाली. त्यांतला शरीराच्या उष्णतेचा आकडा चाळिशीतल्या, ७० किलो वजनाच्या पुरुषावरून घेतलेला आहे आणि बायकांच्या शरीराची उष्णता त्यात जास्त धरली जाते, असं दोन डच संशोधकांनी २०१५मध्ये दाखवून दिलं. पुण्यात मे महिन्यात बाहेर ऊन रणरणत असताना आत खुर्च्यांच्या पाठीवर शाली दिसतात, त्याचं निदान एक कारण तरी इथे आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने पाच शहरांतल्या कार्यालयांत सहा हजारांवर उत्तरं गोळा करून भारतीय हवामानासाठी वेगळं प्रमाण मांडलं. आपल्या माणसांना पंख्याच्या वाऱ्यात बरीच जास्त उष्णता चालते, हे त्यातून पुढे आलं. घरोघरी ठाऊक असलेली ही गोष्ट आपल्या चकचकीत कार्यालयांच्या छतापर्यंत मात्र अजून पोचलेली नाही!

इन्फोसिसने हैदराबादच्या आवारात एक धाडस केलं. एकाच इमारतीचे दोन सारखे भाग केले: एकात नेहमीचं वातानुकूलन, दुसऱ्यात स्लॅबमधल्या नळ्यांतून फिरणारं थंड पाणी. दुसऱ्या भागात वीज सुमारे एक तृतीयांश कमी लागली. हवेचा थंड झोत थेट अंगावर येत नाही, हा लाभ निराळाच. मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती जशीच्या तशी चालणार नाही. हवा आधी कोरडी केली नाही तर गार स्लॅबला पाणी सुटेल. पण दोन पद्धती शेजारी ठेवून मोजण्याची ही सचोटी आपल्या वास्तुविश्वात दुर्मीळच.

सर्वसमावेशक इमारतीचा माझ्या मते सर्वांत चांगला नमुना कॅलिफोर्नियात बर्कलीला आहे. २०१०मध्ये उघडलेल्या एड रॉबर्ट्स कॅम्पसमध्ये अपंगांच्या संस्थांची कार्यालयं मेट्रो स्थानकाला लागून आहेत. आत शिरताच समोर लालभडक, गोल फिरत वर जाणारा रुंद रॅम्प. चाकाच्या खुर्चीवरचा आणि चालणारा गप्पा मारत एकाच वाटेने वर जातात. या रॅम्पला ना सेन्सर लागतो ना पासवर्ड.

आपल्याकडे रॅम्प बहुधा मागच्या बाजूला, माल उतरवण्याच्या दाराशी सापडतो आणि त्याचा चढ असा की मदतनिसालाही धाप लागावी. कायद्याची उणीव म्हणावी, तर तसंही नाही. २०१६च्या अपंग हक्क कायद्यानुसार निकष न पाळणाऱ्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला मिळता कामा नये. पण त्याखालचे निकष नुसत्या मार्गदर्शनाच्या भाषेत लिहिलेले होते. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरच बोट ठेवलं आणि बंधनकारक निकष वेगळे काढायला सांगितले. पाळणाघरांची तऱ्हा यापेक्षा फार वेगळी नाही. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणं भाग आहे. तरी त्याची खोली पहिल्या आराखड्यात क्वचितच दिसते. भाडेकरू आत आल्यावर उरलेल्या कोपऱ्यात ती बसवली जाते. सेन्सरच्या तारांची जागा मात्र पाया खणण्याआधीच ठरलेली असते.