आडनाव, व्यक्तिनाम आणि ग्रंथकर्त्याची मुद्रा

व्यक्तिनाम हे व्यक्तीचे व आडनाव हे कुळाचे, अशी विभागणी आपल्याकडील नामविषयक लेखनात बहुधा गृहीत धरली जाते. त्यानंतर कुलकर्णी, देशपांडे ही अधिकारपदावरून, होळकर हे होळ या गावावरून, अशी वर्गवारी केली की विषय संपला असे मानण्यात येते. ही वर्गवारी चुकीची नव्हे. परंतु नाव कोणत्या प्रसंगी कोणते कार्य करते, याचा बोध तिच्यातून होत नाही. नाना फडणीस मूळचे भानू, बाळाजी आवजी चिटणीस मूळचे चित्रे. पद वंशपरंपरेने चालू लागले की तेच आडनाव होऊन बसते आणि कुळाचे म्हणविले जाणारे नाव मागे पडते. तेव्हा आडनावाचे कुळाशी असलेले नातेही वाटते तितके स्थिर नाही. आडवाट, आडगाव यांप्रमाणेच आडनाव हेही मुळात बाजूचे नाव दिसते.

वाङ्मयाचा पुरावा या दृष्टीने अधिक बोलका आहे. तेराव्या शतकातील 'लीळाचरित्रा'त माणसे ओळखली जातात ती म्हाइंभट, नागदेव, महदाइसा, बाइसा अशा नावांनी. दर्जा व आदर दाखविण्याचे काम भट, देव, आइसा ही उत्तरपदे करतात. संतांच्या मुद्रेत तर आडनावाला स्थानच नाही. एकनाथांनी आपल्या नावाशी पित्याचे नव्हे, तर गुरू जनार्दनस्वामींचे नाव जोडले, जनाबाईने नामदेवाचे. म्हणजे जन्माने मिळालेल्या संबंधाच्या जागी निवडलेला संबंध आला. मोरोपंत पराडकरांनी 'मयूर' ही मुद्रा घेतली. अनंत फंदी यांचे घोलप हे आडनाव आज अभ्यासकांखेरीज कोणास ठाऊक आहे?

एकोणिसाव्या शतकात कचेरी, शाळेचे नोंदणीपुस्तक आणि छापखाना यांनी स्वतःचे, पित्याचे व कुळाचे असे त्रिपदी नाव रूढ केले. पुढे त्याचा संक्षेप झाला, आणि त्यात एक चमत्कारिक उलथापालथ घडली. 'ह. ना. आपटे' या लेखनात स्वतःचे नाव एका अक्षरापुरते उरते. जे बाजूचे होते ते पूर्णपणे उच्चारले जाते. केशवसुत (1866–1905), गोविंदाग्रज, कुसुमाग्रज ही नावे या पार्श्वभूमीवर पाहावीत. केवळ संकोचाने घेतलेली टोपणनावे म्हणून त्यांची बोळवण करणे मला अपुरे वाटते. तिन्ही नावे आडनाव गाळतात, पण नाते गाळीत नाहीत: एक पुत्र, दोघे वडील बंधू. कुसुमाग्रजांच्या बाबतीत तर दत्तकविधानाने गजानन रंगनाथ शिरवाडकर यांचे विष्णु वामन शिरवाडकर झाले. येथे व्यक्तीचे म्हणविलेले नाव बदलले, पित्याचे बदलले. बहिणीशी असलेले नाते मात्र कवीने स्वतः घेतलेल्या नावात कायम राहिले.

याउलट बाळूताई खरे (पुढे मालती बेडेकर) यांनी 1933 मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध करताना विभावरी शिरूरकर असे नाव घेतले. कवीला आडनाव टाकणे परवडले. स्त्रियांची दुःखे उघडपणे मांडणाऱ्या लेखिकेला लपण्यासाठीसुद्धा गावावरून घडविलेले, खरे वाटेल असे आडनाव लागले.

आडनावावरून जात कळते, हा समज तर 'बलुतं' (1978) वाचताना पुरता निरुपयोगी ठरतो. पवार हे आडनाव धारच्या राजघराण्याचेही आहे. त्यावरून काहीच निश्चित होत नाही. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो, अशी त्या ग्रंथाची योजना आहे. दोघांचे आडनाव एकच. दुभंग आहे तो व्यक्तिनामात. शूद्राचे नाव निंदाव्यंजक असावे, असे मनुस्मृतीचा दुसरा अध्याय सांगतो. तेव्हा ज्याला आपण निव्वळ व्यक्तीचे नाव म्हणतो त्यावर समाजाचा हात आधीच पडलेला असतो. यावर असा आक्षेप येईल की, मुले जगत नसली म्हणजे दगड-धोंड्यांची नावे ठेवण्याची रूढी सर्वच जातींत होती, आणि महर्षी कर्वे यांचे नावही धोंडो होते. आक्षेप रास्त आहे. परंतु एकाच शब्दाचा एका घरी धोंडो, धोंडोपंत होतो आणि दुसऱ्या घरी धोंड्या. हा भेद ना आडनावात आहे, ना नावाच्या धातूत. तो हाक मारणाऱ्याच्या प्रत्ययात आहे, आणि आडनावांच्या व्युत्पत्तीची कोष्टके रचणाऱ्यांनी त्या प्रत्ययासाठी रकाना ठेवलेला नाही.