‘रॅट पार्क’ची गोष्ट आणि तिच्यातून गळालेलं यकृत

२६ जून जवळ आला की रत्नागिरीतल्या व्यसनमुक्तीच्या भाषणांत एक गोष्ट हमखास येते. पिंजऱ्यातला एकटा उंदीर अफूचं पाणी पिऊन पिऊन मरतो. मोकळ्या जागेत, सोबत्यांबरोबर ठेवलेले उंदीर त्याला तोंडही लावत नाहीत. म्हणजे व्यसनाचं मूळ एकटेपणात. टाळ्या! जोहान हारी यांच्या २०१५ च्या टेड भाषणानंतर ही गोष्ट फार पसरली. आहेच ती छान. पण मूळ प्रयोगाकडे गेलं की बरीच आकसते.

ब्रूस अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात हे काम केलं. पहिला पेपर १९७८ चा. त्यात हेरॉइन नव्हतं, कोकेनही नव्हतं. होतं मॉर्फिन, आणि ते कडू लागतं म्हणून नंतरच्या प्रयोगात साखरेच्या पाण्यात कालवलेलं. मोजलं काय, तर उंदीर किती पितो ते. अतिसेवनाने मरणारे उंदीर ही भर नंतरच्या सांगणाऱ्यांची.

आता माझा खरा आक्षेप. प्यायलेलं मॉर्फिन म्हणजे मेंदूत पोचलेलं मॉर्फिन नव्हे. तोंडावाटे घेतलं की ते आतड्यातून आधी यकृतात जातं आणि बराचसा भाग तिथेच निकामी होतो. माणसाचं यकृत त्याचे मुख्यतः दोन पदार्थ बनवतं: एम-३-जी आणि एम-६-जी. यातला दुसरा स्वतःच जोरदार वेदनाशामक आहे. उंदराचं यकृत मात्र जवळजवळ फक्त पहिलाच बनवतं, आणि तो वेदना शमवत नाही. जास्त झाला तर उलट चेतासंस्थेला डिवचतो. म्हणजे बाटली तीच असली तरी उंदीर आणि माणूस एकच औषध घेत नाहीयेत.

त्यात आपली मराठी आणखी गोंधळ घालते. इंग्रजीतले रॅट आणि माऊस, आपल्याला दोन्ही उंदीरच! (माडावर चढून नारळ पोखरणारा आपला उंदीर आणि प्रयोगशाळेतला विस्टार उंदीर यांचीही जात वेगळी.) पण मॉर्फिन टोचल्यावर छोटा माऊस शेपूट उभारून पिंजराभर धावत सुटतो, आणि मोठा रॅट तेवढ्याच जोरदार डोसने आधी थिजून बसतो. ‘उंदरांवर सिद्ध झालंय’ असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, कुठल्या?

प्रयोगाची मांडणीही सैल होती. एकट्या उंदराचं पिणं मोजायची पद्धत आणि कळपाची पद्धत सारखी नव्हती. १९९६ मध्ये पेट्री यांनी विस्टार उंदरांवरच प्रयोग परत केला, तेव्हा राहण्याच्या जागेला तेवढं महत्त्व दिसलं नाही.

मग सोबतीचा मुद्दा खोटा का? नाही हो. २०१८ मध्ये वेनिरो आणि सहकाऱ्यांनी उंदरांना हेरॉइन किंवा दुसऱ्या उंदराची सोबत, यातलं एक निवडायला दिलं, तेव्हा बहुतेकांनी सोबत निवडली. इथे हेरॉइन थेट शिरेतून जात होतं, त्यामुळे पोटातल्या वाटेवरची गळती आणि कडू चव हे दोन्ही प्रश्न मिटले. भाषणात सांगायचाच तर हा प्रयोग सांगा.

किंवा उंदीर सोडाच. पुण्यात १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचटांनी ‘मुक्तांगण’ सुरू केलं, ते गर्दच्या विळख्यातली माणसं समोर होती म्हणून.

गोष्ट अर्धी सांगण्याचा धोका मला वेगळाच वाटतो. ऐकणाऱ्या घराला वाटतं, पोराला गावी आणू, माणसांत ठेवू, सुटेल. काही आठवडे सुटतंही. पण तेवढ्यात शरीराची सवय उतरलेली असते, आणि त्याने पुन्हा जुनाच डोस घेतला तर श्वास बंद पडू शकतो. ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं डॉक्टर चालू ठेवायला सांगतात, त्यामागे हेही एक कारण असतं; आणि ‘आता घरचे आहेत ना’ म्हणत घरात पहिली बंद होतात ती हीच.