दोन इटालियन ध्वनिमुद्रिका

इटालियन प्रोग्रेसिव्ह रॉक संगीताच्या दोन श्रेष्ठ ध्वनिमुद्रिका १९७२ सालच्याच होत: प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी या वृंदाची ‘पेर उन अमीको’ आणि बांको देल मुतुओ सोक्कोर्सो या वृंदाची ‘डार्विन!’. पहिलींत माउरो पागानी यांच्या बासरीचें व व्हायोलिनचें माधुर्य निर्दोष आहे. तिच्यांतील बहुतेक रचना १९७३ सालीं ‘फोटोज ऑफ घोस्ट्स’मध्यें पीटर सिनफील्ड यांच्या इंग्रजी शब्दांसह आल्या, तरी त्यांची गोडी फारशी उणावली नाहीं. आम्हांस हेंच तिचें वैगुण्य वाटतें. ‘डार्विन!’मध्यें उत्क्रांतीची कथा गाणाऱ्या फ्रान्चेस्को दि जाकोमो यांच्या स्वरापासून इटालियन शब्द वेगळा काढतांच येत नाहीं. नोचेंत्सी बंधूंचें पियानो-ऑर्गनवादन क्वचित् बोजड होतें, हें खरें. तथापि जें संगीत स्वभाषेवांचून जगूं शकत नाहीं, त्यासच आम्ही अग्रपूजेचा मान देतों.