चौकटीबाहेरचा मका

जपानच्या उत्तरेस, होक्काइदो बेटावरील त्सुरुई गावात हिवाळा लागला की हौशी छायाचित्रकारांची रीघ लागते. ओतोवा पुलावर पहाटेच कॅमेरे रोखले जातात. खाली सेत्सुरी नदीच्या वाफेत लाल माथ्याचे क्रौंच उभे असतात. पुढे दिवसा, बर्फाच्या मैदानावर त्यांचे नृत्य टिपायचे. ही छायाचित्रे मी आवडीने पाहतो; त्यांतील रेखीवपणा नाकारणे करंटेपणाचे होईल. परंतु हे पाखरू माणसाचा वाराही न लागलेल्या रानात नाचते आहे, असा जो भास ती निर्माण करतात, तो मला खटकतो.

१९५२ साली तेथे मोजून ३३ क्रौंच आढळले होते. शेतकऱ्यांनी मक्याचे दाणे टाकून ते जगविले. आज त्यांची संख्या हजारावर आहे. हे नृत्य बहुधा टिपले जाते तेही दाणे टाकण्याच्या जागीच. मका मात्र चौकटीबाहेर! कादंबरीकाराने नायकाचे दुःख रंगवावे आणि त्याच्या चुलीवर काय शिजते ते लपवावे, तसेच हे. मूठभर दाणे दिसल्याने नृत्य उणे होणार नाही. उलट ते कुणाच्या दयेवर तगले, हे कळून पाहणाऱ्याचे मन अधिक हलेल.