संगणकीय खेळांतील ध्वनीचे स्थानभान

संगणकीय खेळांच्या ध्वनियोजनेची चर्चा बहुधा स्पीकरच्या संख्येपाशी येऊन थांबते. ध्वनी कोठून आला हे कळणे आणि त्या कळण्याला खेळात काही अर्थ असणे, ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा भेद तीत निसटतो.

अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) पूर्वेस डोंगरावर असलेली सलाबतखानाची कबर, जिला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात, येथे कसोटी म्हणून घेता येईल. मध्ये घुमटाखालचे अष्टकोनी दालन, भोवती तीन मजली ओवरी, खाली तळघर. ही वास्तू खेळात उतरविली आणि वरच्या मजल्यावर कोणी चालू लागले, तर खालच्या खेळाडूस काय ऐकू यावे? पाच स्पीकर व एक खर्जाचा, ही रूढ मांडणी येथे अपुरी पडते. कारण तिच्यातील स्पीकर जवळजवळ एकाच पातळीवर असतात. डावे-उजवे आपण दोन कानांतील वेळेच्या व तीव्रतेच्या फरकावरून ओळखतो, हे लॉर्ड रॅले ह्यांनी १९०७ मध्ये मांडले. परंतु ध्वनी नेमका समोरून वर सरकला, तर हा फरक उरतच नाही. उंची सांगतात त्या बाह्यकर्णाच्या वळ्या. हेडफोनवरील द्विकर्णी पद्धती ह्याच वळ्यांचे गणित मांडते. मात्र ते गणित सहसा दुसऱ्याच्या कानाचे असते. म्हणून समोरचा आवाजही कित्येकांना पाठीमागून आल्यासारखा वाटतो.

'थीफ: द डार्क प्रोजेक्ट' (१९९८) ह्या खेळाचे महत्त्व येथेच आहे. त्यात ध्वनी भिंत भेदून सरळ येत नाही. दारे, बोळ, जिने ह्यांतून वाट काढीत येतो. खेळाडूची पावलेही त्याच वाटांनी पहारेकऱ्याच्या कानी जातात. फरशीवर पाऊल वाजते, गालिच्यावर दबते. ऐकणाराच ऐकला जातो, आणि त्यामुळे दिशा ही केवळ शोभा राहत नाही. ह्याच्या तुलनेत 'हेलब्लेड: सेनुआज सॅक्रिफाइस' (२०१७) अधिक गाजला. नायिकेच्या मनातील आवाज त्यात द्विकर्णी ध्वनिमुद्रणाने कानाशी आणले आहेत आणि परिणाम विलक्षण आहे, हे मान्यच. तथापि ते अवकाश मनाचे होय, वास्तूचे नव्हे. लढाईत ते आवाज पाठीमागच्या शत्रूची सूचना देतात, तेवढ्यापुरतीच दिशा निर्णायक होते.

वास्तूच्या नादाची उपेक्षा जुनीच आहे. 'थीफ'च्याच काळातील ईएएक्स प्रणालीच्या आरंभीच्या २६ तयार नमुन्यांत गुहा, न्हाणीघर, दगडी बोळ, एवढेच काय सांडपाण्याचा नळही होता. घुमट नव्हता आणि ओवरीही नव्हती. आज ही उणीव अशा तयार नमुन्यांनी भरून काढण्याचे कारण नाही. दालनात फुगा फोडून त्याचा प्रतिसाद मुद्रित केला, की कोणताही कोरडा ध्वनी त्या दालनात उमटल्यासारखा करता येतो. सलाबतखानाच्या कबरीत हे काम परवानगी घेऊन, प्रत्येक मजल्यावर निरनिराळे केले पाहिजे. कारण चहूकडून उघड्या ओवरीतून नाद बाहेर निसटतो, तर घुमट तो खाली परतवितो, आणि एकच मुद्रण दोहोंना चालणार नाही.